पोटातले पहारेकरी

गोळ्यांचा मोठा कोर्स झाला नि रंभाचे जुलाब काही थांबेनात. रामवाडीचे डॉक्टर म्हणाले, "वाईट जंतूंबरोबर पोटातले चांगलेही मेले. ते आपले पहारेकरी असतात. रोज घरचं दही खा."

सुनेने दही लावलं आणि पोट ठणठणीत झालं. पण दही एवढं झकास लागलं, की रंभाला संशय आला.

"प्रणिता, विरजण कुठनं आणलंस गो?"

"चंद्रावती काकीकडनं, आई."

शेवग्याच्या शेंगांवरून भांडण झाल्यापासून या जावेच्या घरचं पाणीसुद्धा रंभाने तोंडात घेतलं नव्हतं. ती तडक मिनीडोर रिक्षा पकडून डॉक्टरांपुढे उभी राहिली.

"आधीच्या गोळ्या परत द्या. पोट माझं नि पहारेकरी तिचे, चालायचं नाय!"