हेन्रीची तपासणी

विमा कंपनीने दुसरा दावा परत पाठवला होता. कारण एका ओळीत: एकाच बाळाच्या खुब्याच्या सोनोग्राफीचे पैसे दोनदा मागितले आहेत.

"जुळे आहेत म्हणून कळवून टाक," ग्लेन दारातूनच म्हणाला. अमेरिकेतल्या डुलुथ शहरातल्या त्या इस्पितळात बिलांच्या विभागाचा तो साहेब. "जुळं म्हणजे काय, हे त्या लोकांना दर वेळी नव्यानं सांगावं लागतं."

त्याच्या हाताखालच्या वर्नाने पत्राला सुरुवात केली आणि पहिल्याच ओळीत अडकली. टेबलावर बोटं वाजवली. उठून कॉफी आणली, न पिताच बाजूला ठेवली. ओयाला कुटुंबातल्या त्या जुळ्या मुलांचे अहवाल पुन्हा शेजारी शेजारी उघडले. ऑस्कर: दोन्ही खुबे उत्तम, पाय हलवून पाहिले, डाव्या मांडीवर लाल जन्मखूण. हेन्री: दोन्ही खुबे उत्तम, पाय हलवून पाहिले, डाव्या मांडीवर लाल जन्मखूण.

हेन्री पायाळू. तपासणी मुळात सांगितली होती त्याच्यासाठी. ऑस्करची आपली भावाबरोबर उरकून घेतलेली. पायाळू मुलांचा खुबा कधी कधी जागेवर नसतो. वेळेत कळलं तर पट्ट्यांवर भागतं, उशीर झाला की कमरेपासून प्लास्टर.

तिने तपासणी करणाऱ्या डॉक्टर पेटिटना फोन लावला.

"डॉक्टर, जन्मखूण दोघांनाही कशी?"

"जुळे आहेत ना!"

"खुणासुद्धा जुळ्या?"

"बाई, मी खुबे बघतो. कातडीचे डॉक्टर तिसऱ्या मजल्यावर बसतात."

ग्लेन पुन्हा दारात. "गेलं का पत्र?"

"ग्लेन, मला वाटतं विमा कंपनीचं बरोबर आहे."

ग्लेनने आधी दार लावून घेतलं. "हळू बोल. असं वाक्य या इमारतीत आजवर कुणी उच्चारलेलं नाही."

तो गेल्यावर तिने मुलांच्या आईला, केलीला, फोन केला.

"लाल डाग? तो ऑस्करला," केली म्हणाली. "हेन्रीची मांडी अगदी कोरी. का हो?"

"दोघांना आत कुणी नेलं होतं?"

"त्यांच्या बाबानं, एरिकनं. मी नोंदणीच्या खिडकीपाशी होते ना, कागद भरत. ऑस्करचे वेगळे, हेन्रीचे वेगळे, सगळ्यांवर सह्या. तुमची ती बाई म्हणालीसुद्धा, इतके चोख कागद कुणी देत नाही म्हणून."

वर्नाने दोन्ही अहवालांतली जन्मखुणेची ओळ तिला वाचून दाखवली.

"थांबा हं," केली म्हणाली. तिचा आवाज फोनपासून लांब गेला. "एरिक! त्या दिवशी हेन्रीला आत नेलं होतंस ना तू?"

"नेलं की. एकाला दाखवून आणला, बाबागाडीत ठेवला, मग दुसऱ्याला उचलला."

"दुसऱ्याला? नक्की?"

"आता टोप्या दोघांच्या सारख्याच. तुझ्याच आईनं विणलेल्या."

फोनवर दोघांतलं कुठलं तरी बाळ कुरकुरलं. मग एरिकचा आवाज आला, अगदी खालच्या पट्टीत:

"तरीच दुसऱ्या वेळी तो दार दिसल्याबरोबर रडायला लागला."