चहाची सुट्टी

बेळगावातल्या त्या सॉफ्टवेअर कंपनीत चारला सगळे मिळून खाली चहाला जायचे. जायचा नाही तो एकटा दिग्विजय. तो टीमचा प्रमुख, आणि ती सुट्टी त्याच्या डोळ्यांत सलायची.

कामाचा वेग वाढवायला त्यानं संगणकावर ऑफिसची हुबेहूब नक्कल करणारं सिम्युलेशन बनवलं. पडद्यावर प्रत्येक माणसाचा एक ठिपका. त्याचा स्वतःचा लाल. त्यातून त्यानं चहाच काढून टाकला. काम भराभर सरकू लागलं. मग पडद्यावर चार वाजले, आणि सगळे ठिपके जागा सोडून लाल ठिपक्याभोवती येऊन उभे राहिले. असा नियम त्यानं कुठंच घातला नव्हता.

पुन्हा चालवलं, पुन्हा तेच. ठिपके पांगले तेव्हा मध्ये लाल ठिपका नव्हता. काम मात्र आणखी वेगानं चाललं होतं.

"बग असणार," असं म्हणत त्यानं चहा बंदचा हुकूम काढलाच.

सोमवारी टीममधली येळ्ळूरची स्वरूपा त्याच्या टेबलाशी आली. "सर, चा खरंच बंद केलासा व्हय?"

"व्हय. जा, काम बघ."

"बरं," म्हणून ती हसत जागेवर गेली.

चारला त्याच्या पाठीमागं सगळ्या खुर्च्या एकदम सरकल्या. दिग्विजयचे कान दाराकडं लागले. दार उघडलं नाही. पावलं मात्र जवळ येत होती.