सांधा

वेल्डिंगच्या वर्कशॉपमध्ये लेकीने पहिल्यांदाच एकटीने लोखंडी खुर्ची जोडली आणि घाम पुसत बापाच्या तोंडाकडे पाहिलं. आपलं काम बरं की वाईट, हे ती आजवर त्या तोंडावरच वाचत आली होती.

"ह्याला काम म्हणतात? लोक शेण घालतील माझ्या तोंडात!"

बापाने आधी तिच्या कानाखाली जाळ काढला, मग घण उचलून तो खुर्चीवर तुटून पडला. पाठ चेपली, पाय वाकले, बैठकीचा पत्रा फाटला. पत्र्याची एक कपची उडून तिच्या कपाळात घुसली आणि रक्त भुवईवर उतरलं, तरी त्याचा हात थांबेना. शेवटी धाप लागली तेव्हा कुठे त्याने घण खाली टेकवला.

"आता रड की!"

ती रडली नाही. त्या लोळागोळ्यापाशी उकिडवी बसून एकेका सांध्यावरून बोट फिरवत राहिली. नळ्या पार चपटल्या होत्या, पण तिने जोडलेला एकही सांधा उकलला नव्हता.

तिचं आपल्याकडे लक्षच नाही, हे बापाला झोंबलं. त्याने पुन्हा घण उगारला.

ती बाजूला सरकली. "हाणा बाबा," ती म्हणाली, "कुठवर टिकतंय, ते मलाही बघायचंय."