दोन भोकांचं बटण

“गाठ आतल्या अंगाला घे गं बाई. बाहेरून नुसती शिवण दिसू दे.” आई मशीनवर वाकून म्हणायची. तिला जाऊन बारा वर्षं झाली. आज बटण लावता लावता तोच आवाज कानात उतरला आणि लेकीची सुई थबकली.

आईची ही शिलाई हातात होती, म्हणूनच साहेबांनी तिला निवडलं. सात महिने ती या शिंप्याच्या दुकानात काज-बटणाला बसत होती. ती पोलीस आहे, हे इथं कुणालाच ठाऊक नव्हतं. समोर इस्त्रीच्या टेबलाशी तो उभा असायचा. स्वतःच्या शेजारणीचा खून त्यानंच केला, अशी साहेबांची खात्री. पुरावा मात्र नव्हता. फारसं बोलत नाही म्हणून सगळे त्याला मौनीबाबा म्हणत. तिच्याशी तो हळूहळू बोलू लागला. तिच्या डब्याशेजारी डबा उघडू लागला.

“मौनीबाबा, बाईंकडे काय बघताय, कॉलर जळतेय!” कटिंगमास्तर हसले आणि जेवायला गेले.

दोघंच उरली.

त्यानं लग्नाचं विचारल्यावर साहेबांनी पढवलेलं वाक्य तिनं कालच म्हटलं होतं, “मनात काही दडवणाऱ्याच्या घरी मी नांदायला येणार नाही.” आज त्याचे डोळे सुजले होते.

“सांगतो,” तो म्हणाला. “मीच मारलं तिला. झटापटीत तिनं माझ्या शर्टाचं बटण उपटलं. मुठीतच राहिलं तिच्या. पांढरं, दोन भोकांचं.” त्यानं इस्त्री उभी केली. “आता काही दडवलेलं नाही. याल ना?”

पदराआडचं यंत्र शब्दन् शब्द टिपत होतं. बाहेर गाडीत साहेब ऐकत होते. बटणांची डबी खाली पडली की ते आत येणार होते. मुठीतल्या बटणाची गोष्ट पोलिसांनी बाहेर फुटू दिली नव्हती. जो ती सांगेल तोच खुनी, असं ठरलं होतं.

तिनं डबी उचलली.

परवाच प्रयोगशाळेचा कागद आला होता. बटण चार भोकांचं निघालं. फाइलीत कारकुनानं चुकून दोन लिहिलं होतं. “दोन काय नि चार काय,” साहेब म्हणाले होते, “त्याच्या तोंडून बटण आलं की झालं.”

ती चूक फाइलीतून या दुकानात कशी आली, ते एकट्या तिला माहीत होतं. तीन महिन्यांपूर्वी, त्याला बोलतं करायच्या नादात, बाजारात ऐकल्याचं भासवून तिनं ती दोन भोकांच्या बटणाची गोष्ट त्याच्यासमोर बोलून टाकली होती. नंतर कुणाला कळवलं नव्हतं.

“तुम्हाला हवं होतं तेच सांगितलं ना मी?” तो घाबरून विचारत होता. “की काही राहिलं?”

तिनं डबीचं झाकण घट्ट लावलं. डबी जपून मांडीवर ठेवली. मग पदराकडे मान झुकवून, त्याला ऐकू जाईल एवढ्या स्पष्ट आवाजात ती म्हणाली,

“साहेब, ते बटण त्याला मीच सांगितलं होतं.”