पेंढ्याचं रेडकू

"सांगून पटायचं नाही मॅडम, पण आमची ही अंथरुणातनं नुसती हाक मारते, अन् म्हैस इकडं गोठ्यात पान्हा सोडते!" धोंडूतात्यांनी ठोकून दिलं.

दूध संघाच्या तपासनीस मुजावरबाई हसल्या. बाकी मुलखात बाजार खुला झाला होता. परदेशातनं बोटीनं आलेल्या स्वस्त दुधानं गोठे ओस पाडले होते. या तालुक्यात मात्र अजून कोटा होता. ठरलेलं दूध, ठरलेला भाव. पण कोटा एकाच माणसाच्या नावावर. ते माणूस गेलं की कोटा संपला आणि म्हैस संघाच्या ट्रकात. इथला कोटा तात्यांच्या बायकोच्या, अनुसयाबाईंच्या नावावर होता.

तात्यांनी खिशातलं बटण हळूच दाबलं. घरातून अनुसयाबाईंचा आवाज आला, "ये गं माझे रंभे!"

रंभेचं रेडकू मेलं तेव्हा त्याच्या कातड्यात पेंढा भरून अनुसयाबाईंनीच ते तिच्यापुढं उभं केलं होतं. रंभेनं ते चाटलं. तात्या धारेला बसले आणि चरवी वाजू लागली.

"बघा! पेंढ्याचं रेडकूही चालतंय तिला. जनावराला काय कळतंय?"

"तेच बघायला आलेय," म्हणत बाईंनी म्हशीच्या गळ्यात संघाचा नवा पट्टा बांधला. जनावराच्या मनातलं तो माणसाच्या बोलीत सांगायचा.

तात्यांनी घाबरून पुन्हा बटण दाबलं. "ये गं माझे रंभे!"

रंभेनं घराकडं मान वळवली. पट्टा संथपणे बोलला, "रेडकू पेंढ्याचं आहे. हाक मारणारीही आता पेंढ्याचीच आहे."