उजेडाचा फॉल्ट

वायरमनकाका निवृत्त झाले आणि त्यांना स्वतःच्या घरातच फॉल्ट सापडला. उजेड पुरेना, शिवाय प्रत्येक दिव्याभोवती धुरकट वलय दिसायचं. त्यांनी होल्डर बदलले, वायरिंग नव्यानं केलं, खोल्याखोल्यांत जास्तीचे दिवे चढवले. उजेड काही वाढेना.

शेवटी लेक वैतागली. "बाबा, तुमचाच मीटर सांगतोय की व्होल्टेज बरोबर आहे. मग तपासायचं राहिलं काय? चला, डोळे दाखवून येऊ."

डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. "वलयं दिसायला लागली तेव्हाच यायचं ना, काका."

दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं पार पडली. काळा चष्मा काढायची परवानगी मिळाली त्या दिवशी काका स्वयंपाकघरात आले, चष्मा उतरवला आणि झटकन डोळ्यांवर हात धरला.

"अगं, हे घर आहे की मॅचचं मैदान?"

मग बोटांच्या फटीतून त्यांना काकू दिसल्या. ओट्याशी निवांत भाजी चिरत होत्या, डोळ्यांवर काळा गॉगल लावून.

"हा कधीपासून?"

"तुम्ही इथं तिसरा दिवा लावलात तेव्हापासून," काकू म्हणाल्या. "तुम्हाला दिसला की काढायचा, असं ठरवलं होतं."