मापाचा शर्ट

दोरीवर टांगलेला निळ्या चौकड्यांचा शर्ट शालूबाईने ओढून काढला आणि भर बाजारात, साडीवरूनच, स्वतःच्या अंगाला लावून पाहिला.

भाजीच्या पिशव्या धरून मागे उभा असलेला तिचा मुलगा शिवशंकर मेल्याहून मेल्यासारखा झाला. माय साडी घ्यायला निघाली असेल, अशा समजुतीने त्याने तिला मोटारसायकलवर कळमनुरीच्या बाजाराला आणलं होतं.

"कुणासाठी पायजे, मावशी?" कापडवाल्या देविदासने विचारलं. "माप काय हाय त्यांचं?"

"त्यांचं न्हाई, माझं. खांद्याला बराबर येतो का बघ."

देविदास हसला. ती हसत नाही असं पाहून थांबला.

तसं शर्ट घालणं शालूबाईला नवं नव्हतं. तिच्या गावच्या, डोंगरकड्याच्या, शिवारात कापूस वेचणारी कुठलीही बाई साडीवर शर्ट चढवूनच रानात शिरते. बोंडांची टोकं हात सोलून काढतात, ऊन वेगळंच. पण तो शर्ट घरातल्या गड्याच्या अंगावरून उतरलेला. असे कितीतरी जमाने शालूबाईच्या अंगावरून गेले होते. पहिला नवऱ्याचा, लग्नातला, टेरिकॉटचा. त्याची कॉलर सशाच्या कानांएवढी. मग दिराच्या सफारीचा नुसता वरचा भाग. मग शिवशंकर कॉलेजात होता तेव्हाचा ढगळ, तिच्या गुडघ्यापर्यंत लोंबणारा. पुढे अंगाला चिकटणारे आले, त्यांची बटणं तिला लागेनात. गावात जी फॅशन आली, ती दहा वर्षांनी विटून, झिजून शालूबाईबरोबर शेतात गेली. खिसे त्या सगळ्यांना होते, पण फाटलेले. खिसा फाटल्याशिवाय शर्ट तिच्या वाट्याला येतच नसे.

यंदा नातवाचा, स्वप्निलचा, टी-शर्ट आला. अर्ध्या बाह्या, बटण नाही, खिसा नाही, छातीवर मोठाली इंग्रजी अक्षरं. सगळा हंगाम ती तोच घालून वेचत राहिली. कॉलेजच्या पोरी रस्त्यावरून जाताना का हसतात, ते तिला कळेना. शेवटी नातीने, पुनमने, वाचून सांगितलं, "आजी, ह्याच्यावर लिवलंय, माझं अजून कुठं जमलं न्हाई."

शालूबाईही पोट धरून हसली. पण रात्री तो टी-शर्ट वलणीवर टाकताना तिला राग आला, आणि तो काही उतरला नाही. जन्मभर शर्ट घातले आणि त्यातला एकही आपल्यासाठी घेतलेला नव्हता, याचा तो राग होता.

"माय, चल," शिवशंकर दबक्या आवाजात म्हणाला. "घरी माझे जुने ढीगभर पडलेत. काहून तमाशा करून राहिली?"

"पडलेत म्हनूनच आले."

देविदासने दुसरा शर्ट पुढे केला. "हा घ्या, हलका हाय. सध्या हेच चालून राहिलं."

शालूबाईने तो उलटासुलटा केला. "ह्याला खिसा कुठाय?"

"आता खिसा ठेवत न्हाईत, मावशी. फॅशन हाय."

"मग ती फॅशन ऱ्हाऊ दे तुझ्यापाशी."

तिने पुन्हा चौकड्यांचाच हातात घेतला. शेजारच्या चहाच्या गाड्यावर तिच्या गावचे माणिकराव बसले होते. कुणाच्या चुलीवर काय शिजतं याची काळजी या माणसाला भारी, आणि इथे तर सगळं डोळ्यांसमोर चाललेलं. त्यांनी पेला खाली ठेवला.

"शालूबाई, चार लोकांत गड्याचं कापड अंगाला लावून राहिल्या. बरं दिसतं का हे?"

शालूबाईने शर्ट अंगात घातला. बाह्या सारख्या केल्या. वरचं बटण लावलं, मग खालची एकेक लावत गेली. सगळी लागली. मगच ती वळली.

"इतकी वर्सं गड्याचंच घालून तुमच्या रानात कापूस येचला, भाऊजी. फाटकं व्हतं तवर कुनाच्या डोळ्यावर आलं न्हाई. नवं घेतलं की लगीच दिसलं व्हय?"

माणिकरावांनी पेला उचलून तोंडाला लावला. त्यात चहा उरला नव्हता.

"द्या मावशी, पिशवीत घालून देतो," देविदास म्हणाला. आता त्याचा आवाज बदलला होता.

"नको. अशीच जाते." कनवटीला लावलेले मजुरीचे पैसे सोडून तिने त्याच्या हातावर ठेवले.

बाजारातून ती सावकाश चालली, अगदी मधून. शिवशंकर चार पावलं मागे राहिला. मिरच्या विकणाऱ्या एका बाईच्या अंगावरही साडीवर कुणाचा तरी विटका शर्ट होता, एक बाही उसवलेली. तिने हात लांब करून शालूबाईच्या शर्टाचं कापड चिमटीत धरून पाहिलं.

"कुठं भेटला गं, बाई?"

शालूबाईने देविदासच्या पालाकडे बोट दाखवलं.

मोटारसायकलजवळ आल्यावर शिवशंकरने पिशव्या हँडलला अडकवल्या. त्याचा टी-शर्ट बिनखिशाचा, पँट अशी तंग की बसलं की मोबाइल खिशातून वर सरकायचा. येताना तो मायच्या पदरात बांधून आणला होता. सवयीने त्याने तो पुढे केला.

"माय, तुझ्या खिशात ठेव जरा."

"न्हाई ठेवत," शालूबाई म्हणाली. "तुझं तू बघ. हा खिसा माझा हाय."

शिवशंकरने मोबाइल भाजीच्या पिशवीत, मेथीच्या जुडीखाली घातला आणि गाडी चालू केली.

शालूबाई मागे बसली. एका हाताने तिने लेकाचा खांदा धरला आणि दुसरा हात गाव येईपर्यंत खिशावर ठेवला. खिशात अजून काहीच नव्हतं.